कंपनी बदलली असेल, तर विश्वास कशावर ठेवायचा?

प्रश्न: मी अनेक वर्षे लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर सर्व्हरचे सॉफ्टवेअर लिहीत आलो आहे आणि फावल्या वेळात मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट या सॉफ्टवेअर-प्लॅटफॉर्मसाठीची एक छोटी ओपन सोर्स, म्हणजे खुल्या कोडची, लायब्ररी (इतर प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कोड) सांभाळतो. आमच्या टीमने आता नवा प्रकल्प डॉट नेटवर करायचे ठरवले आहे. तरुण सहकारी उत्साहात आहेत. त्यांच्यापैकी एकीने रनटाइममधला, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या मूळ भागातला, एक बग दुरुस्त केला आहे, आणि तो पाठवताना तिच्यापुढे डॉट नेट फाउंडेशन या संस्थेचा सीएलए, म्हणजे योगदानासाठीचा परवाना-करार, आला आहे. माझी लायब्ररीही मी त्या फाउंडेशनकडे द्यावी, असे या मंडळींचे म्हणणे आहे. मायक्रोसॉफ्टकडून लिनक्सला ‘कॅन्सर’ म्हटले गेले तो काळ मी पाहिलेला आहे. मी शंका काढली की ‘दुधाने तोंड पोळले म्हणून तुम्ही ताकही फुंकून पिता’ असे ऐकावे लागते. मायक्रोसॉफ्ट खरोखर बदलली आहे का? माझा अविश्वास शहाणपणाचा आहे, की तो केवळ जुना राग आहे?
एक डेव्हलपर

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्याचा तुम्हाला त्रास होतो आहे असे पत्रावरून जाणवते. तुमची आठवण चुकीची नाही आणि ती बाळगल्याबद्दल तुम्ही कोणाची क्षमा मागण्याचे कारण नाही. १९९८ मध्ये ‘हॅलोवीन डॉक्युमेंट्स’ या नावाने मायक्रोसॉफ्टची जी अंतर्गत टिपणे बाहेर आली, त्यांत ओपन सोर्सचा धोका मोकळेपणाने मान्य केला होता आणि सर्वांना खुले असलेले प्रोटोकॉल वाढवून, बदलून आपल्या ताब्यात आणण्याचा उपायही सुचवला होता. त्याच वर्षीच्या मक्तेदारीविरोधी खटल्यात इंटेलच्या एका अधिकाऱ्याने साक्ष दिली, की १९९५च्या एका बैठकीत मायक्रोसॉफ्टच्या वरिष्ठांनी ‘जवळ करा, वाढवा, संपवा’ अशा आशयाचे धोरण बोलून दाखवले होते. कंपनीचे तेव्हाचे मुख्याधिकारी स्टीव्ह बामर यांचे ‘कॅन्सर’बद्दलचे विधान २००१ मधले आहे. २००७ मध्ये कंपनीने लिनक्स आणि इतर मुक्त सॉफ्टवेअर आपल्या २३५ पेटंटांचे उल्लंघन करतात असा जाहीर दावा केला, पण ती पेटंटे कोणती हे मात्र सांगितले नाही, आणि त्या काळात लिनक्स वापरणाऱ्या प्रत्येक व्यवसायाच्या डोक्यावर त्या न सांगितलेल्या यादीची टांगती तलवार राहिली. ज्या माणसाने हे सगळे काम करता करता सोसले, त्याने शंका काढली तर तो रागीट ठरत नाही.

तुमच्या तरुण सहकाऱ्यांचा अनुभवही तितकाच खरा आहे, हे मात्र तुम्ही मान्य करायला हवे. ते या व्यवसायात आले तेव्हा मुख्याधिकारी सत्या नाडेला यांची कारकीर्द सुरू झालेली होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये डॉट नेट कोअर (डॉट नेटची नवी आवृत्ती) एमआयटी या मोकळीक देणाऱ्या परवान्याखाली खुले झाले, २०१५ मध्ये व्हीएस कोड या कोड-संपादकाचा स्रोत खुला झाला, २०१६ मध्ये कंपनी लिनक्स फाउंडेशनची प्लॅटिनम सदस्य झाली. २०१८ मध्ये तिने साडेसात अब्ज डॉलरला गिटहब हे कोड ठेवण्याचे संकेतस्थळ विकत घेतले आणि त्याच वर्षी साठ हजारांहून अधिक पेटंटांसह ओपन इन्व्हेन्शन नेटवर्क या लिनक्सच्या पेटंट-संरक्षण करारात प्रवेश केला. हे शेवटचे पाऊल तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण २००७च्या धमकीची धार त्याने लेखी स्वरूपात बोथट केली. २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांनी, ओपन सोर्सच्या बाबतीत आम्ही इतिहासाच्या चुकीच्या बाजूला होतो, असे जाहीरपणे कबूल केले. ज्यांनी केवळ हाच काळ पाहिला, त्यांना तुमची भीती गतकाळातली वाटणे स्वाभाविक आहे.

म्हणजे तुम्ही दोघेही खरे सांगता आहात आणि तरीही एकमेकांना पटवू शकत नाही. याचे कारण, माझ्या मते, तुमचा मधला प्रश्न हे आहे. ‘कंपनी खरोखर बदलली आहे का?’ असे आपण विचारतो तेव्हा तिला माणसासारखे मन आहे आणि त्या मनाचा पालट झाला की तो टिकतो, असे गृहीत धरतो. कंपनीचे धोरण बदलले ते तिचे उत्पन्न बदलले म्हणून. विंडोजच्या प्रती विकून पैसा येत होता तोवर लिनक्स प्रतिस्पर्धी होते. अझूर या आपल्या क्लाउड सेवेवर सर्व्हर भाड्याने देऊन पैसा येऊ लागला तेव्हा लिनक्स हाच तिथला मोठा माल झाला. हा बदल खोटा नाही. हितसंबंधावर उभा असलेला बदल सदिच्छेवर उभ्या असलेल्या बदलापेक्षा बहुधा अधिक काळ टिकतो, असे मी तर म्हणेन. पण ज्या ठिकाणी हितसंबंध उलट दिशेला ओढतो, तिथे वागणूकही उलटी होते, आणि ती ठिकाणे आधीच ओळखता येतात. तुमचा अविश्वास तिथे खर्च व्हावा, सरसकट नव्हे.

प्रथम पाहा, की कंपनीच्या हातून कायमचे काय सुटले आहे. डॉट नेटचा रनटाइम, मूळ लायब्ररी आणि कंपायलर मुक्त परवान्यांखाली आहेत. आजवर प्रसिद्ध झालेला कोड उद्या संचालक मंडळाने ठराव केला तरी परत घेता येणार नाही. एमआयटी परवान्यात पेटंटांचा स्पष्ट उल्लेख नसतो, ही त्याची जुनी उणीव आहे. म्हणून डॉट नेटच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या जाहीर भांडारात, कंपनीने वेगळे पेटंट-वचनही ठेवले आहे, ते तुम्ही स्वतः वाचा आणि तुमच्या टीमलाही वाचायला लावा. हा सर्व भाग मनावर अवलंबून नाही, कागदावर आहे, आणि त्यावर नवा प्रकल्प उभारायला हरकत नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही फोर्क करण्याचा, म्हणजे खुला कोड घेऊन वेगळा प्रकल्प चालवण्याचा, हक्क असणे आणि फोर्क तगवण्याची ताकद असणे यांत फार अंतर आहे, आणि याकडे परवान्याचे समर्थक नेहमीच दुर्लक्ष करतात. ओरॅकलने सन मायक्रोसिस्टिम्स घेतल्यावर ओपनऑफिसचे लोक २०१० मध्ये बाहेर पडले आणि लिब्रेऑफिस उभे राहिले, कारण त्यामागे अनुभवी प्रोग्रामर, वितरणे बनवणाऱ्या संस्था आणि प्रचंड वापरकर्तावर्ग होता. हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या सर्व्हर-व्यवस्थापनाच्या साधनाचा परवाना आवळला तेव्हा थोड्याच आठवड्यांत त्याचा ओपनटोफू हा फोर्क लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला, कारण ज्यांचा धंदा टेराफॉर्मवर चालत होता अशा अनेक कंपन्यांनी अभियंते देऊ केले. सनच्याच ओपनसोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या वाट्याला मात्र तसे आले नाही. त्याचा वारसा इलुमॉस या नावाने टिकला, पण पूर्वीचा विस्तार त्याला पुन्हा लाभला नाही. डॉट नेटच्या बाबतीत प्रश्न असा विचारा, की मायक्रोसॉफ्टने उद्या लक्ष काढून घेतले तर जस्ट-इन-टाइम कंपायलर आणि गार्बेज कलेक्टर हे रनटाइमचे अवघड भाग सांभाळू शकणारे किती लोक तिच्या पगारपत्रकाबाहेर आहेत? उत्तर फारसे दिलासादायक नाही. याचा अर्थ डॉट नेट वापरू नका असा होत नाही. फोर्कच्या हक्काकडे दूरची विमा-पॉलिसी म्हणून पाहा, रोजच्या आधाराची गोष्ट म्हणून नको, इतकाच होतो.

आता कंपनीने हातात काय ठेवले आहे ते पाहू, कारण गेल्या दशकातले बहुतेक खटके इथेच उडाले आहेत. मूळ कोड खुला असतो, पण त्याच्या भोवतीची जी साधने डेव्हलपरला दिवसभर लागतात, त्यांतली काही बंद असतात. व्हीएस कोडचा स्रोत एमआयटी परवान्याखाली आहे. आपण जो तयार प्रोग्राम उतरवून घेतो तो मात्र मायक्रोसॉफ्टच्या स्वतंत्र अटींखाली, टेलिमेट्रीसकट (वापराची माहिती कंपनीला पाठवण्याच्या सोयीसकट) येतो. एक्स्टेन्शनचे, म्हणजे संपादकाला जोडायच्या पूरक भागांचे, मार्केटप्लेस कंपनीच्या स्वतःच्याच उत्पादनांतून वापरण्याची अट आहे. पायथॉन भाषेसाठीचे पायलान्स हे एक्स्टेन्शन बंद आहे. डॉट नेट कोअरचा अधिकृत डीबगर (कोडमधल्या चुका शोधण्याचे साधन) फक्त मायक्रोसॉफ्टच्या साधनांबरोबर वापरता येतो, आणि २०१७ मध्ये जेटब्रेन्सला आपल्या रायडर या संपादकातून डॉट नेट कोअरची डीबगिंगची सोय या अटीमुळे काढावी लागली होती. पुढे त्यांनी स्वतःचा डीबगर लिहिला. सॅमसंगनेही नेटकोअरडीबीजी हा खुला पर्याय प्रसिद्ध केला. एप्रिल २०२५ मध्ये सी आणि सी प्लस प्लसचे अधिकृत एक्स्टेन्शन व्हीएस कोडवरून निघालेल्या कर्सरसारख्या संपादकांत चालेनासे झाले. अट कागदावर पूर्वीपासून होती, अंमल त्या दिवशी सुरू झाला. त्या सुमारास कर्सर मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट या एआय-सहायकाशी थेट स्पर्धा करू लागला होता, ही गोष्ट मला योगायोगाची वाटत नाही.

ऑक्टोबर २०२१ मधले हॉट रीलोडचे प्रकरण तुमच्या टीमसमोर मी सविस्तर मांडेन, कारण त्यात तुमची आणि त्यांची अशा दोन्ही बाजू एकाच वेळी दिसतात. डॉट नेट ६ प्रसिद्ध होण्याच्या तोंडावर, आधीच्या पूर्वावृत्त्यांत चालत असलेली हॉट रीलोडची, म्हणजे चालू प्रोग्राम न थांबवता कोडमधले बदल लागू करण्याची, सोय कमांड लाइनच्या साधनातून काढून व्हिज्युअल स्टुडिओ या आपल्या उत्पादनापुरती ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. लिहून झालेला, मुक्त परवान्याखालचा कोड रिपॉझिटरीतून वगळण्यात आला. जगभरातून आक्षेप आले, कंपनीतल्या अभियंत्यांतही अस्वस्थता होती असे वृत्त आले, आणि काही दिवसांत कंपनीने निर्णय फिरवून कोड परत आणला. तुमचे सहकारी म्हणतील, बघा, त्यांनी ऐकले. ते खरे आहे, आणि २००१ मध्ये असे घडले नसते. तुम्ही म्हणाल, बघा, त्यांना तसे करावेसे वाटले. तेही खरे आहे. शिकण्यासारखे हे, की ओपन सोर्सचा आराखडा आणि कंपनीचे विक्रीयोग्य उत्पादन जिथे एकमेकांना भिडतात, तिथे अंतिम निर्णय व्यवसायाकडून येतो आणि समाजाच्या हाती आक्षेप घेण्याखेरीज औपचारिक अधिकार काहीच नसतो.

तुमच्या सहकारी मुलीच्या सीएलएबद्दल मला फारशी चिंता वाटत नाही. त्या करारात ती आपल्या कोडचा कॉपीराइट देऊन टाकत नाही. ती वापरण्याचा, बदलण्याचा आणि पुढे परवाना देण्याचा विस्तृत हक्क देते, आणि मालकी तिच्याकडे राहते. अशा करारांत खरी मेख असते ती विषमतेची, म्हणजे बाकी सर्वांना जो परवाना मिळतो त्याहून अधिक हक्क एकाच पक्षाला मिळतात. जिथे प्रकल्प बदललेला कोडही खुला ठेवायला लावणाऱ्या जीपीएलसारख्या कडक परवान्याखाली असतो आणि कंपनीला मात्र सीएलएमुळे तो कोड बंद उत्पादनात नेता येतो किंवा पुढे परवानाच बदलता येतो, तिथे ही विषमता मोठी असते. हॅशिकॉर्पला २०२३ मध्ये इतक्या सहज वळण घेता आले त्यामागे योगदात्यांकडून आधीच घेतलेले असे हक्क होते. एमआयटी परवान्यात बंद उत्पादनाची मुभा सर्वांनाच असल्याने हे अंतर पुष्कळ कमी होते. लिनक्स कर्नलने २००४ पासून स्वीकारलेली साधी स्वाक्षरीची पद्धत, जिच्यात योगदाता फक्त ‘हा कोड देण्याचा मला अधिकार आहे’ एवढेच प्रमाणित करतो, मला अधिक न्याय्य वाटते. पण त्या मतासाठी एका तरुण अभियंतीचे पहिले मोठे योगदान अडवून धरू नये. तिने एकच गोष्ट सही करण्यापूर्वी तपासावी. तिच्या नोकरीच्या करारानुसार तिने लिहिलेल्या कोडवर तुमच्या संस्थेचा हक्क असेल, तर संस्थेची लेखी परवानगी लागेल. ती तुम्ही वरिष्ठ म्हणून मिळवून द्या.

लायब्ररीच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने आहे. स्वतंत्र लायब्ररी सांभाळणाऱ्याला धोका बहुतेक वेळा दुष्ट हेतूचा नसतो, ‘अधिकृत’ या शिक्क्याचा असतो. २०१९ मध्ये डॉट नेट कोअर ३.० बरोबर जेसन या माहिती-स्वरूपासाठीची अंगभूत लायब्ररी आली, तेव्हा कामगिरीची तिची कारणे रास्त होती. पण प्लॅटफॉर्मबरोबर आपोआप मिळणारी गोष्ट वापरण्याकडे लोकांचा कल असतोच, आणि अशा वेळी स्वतंत्र लायब्ररीने कितीही निष्ठेने काम केले असले तरी नव्या प्रकल्पांत तिची जागा आक्रसते. २०२० मधले विंगेटचे उदाहरण अधिक बोचरे आहे. विंडोजसाठी अ‍ॅपगेट हा पॅकेज मॅनेजर (प्रोग्राम उतरवून बसवणारे साधन) एका स्वतंत्र डेव्हलपरने लिहिला होता. कंपनीने त्याच्याशी संपर्क साधला, कामाबद्दल चर्चा केली, नोकरीची मुलाखतही झाली, आणि मग दीर्घ मौनानंतर विंगेट हा कंपनीचा स्वतःचा पॅकेज मॅनेजर जाहीर झाला, ज्याची मूळ रचना आपल्याच कामावरून घेतली आहे असे त्याने लिहिले. परवान्याचा कोणताही भंग झाला नव्हता. कोड खुलाच होता. श्रेय मात्र जाहीर तक्रार झाल्यावर मिळाले आणि अ‍ॅपगेट बंद पडले. तुमची लायब्ररी ज्या परवान्याखाली आहे तो परवाना तुम्हाला श्रेयाची कितपत हमी देतो, हे यावरून आधीच समजून घ्या. तो फार तर कॉपीराइटची ओळ टिकवतो. कोणी कल्पना घेऊन नवा कोड लिहिला, तर तेवढेही नाही.

फाउंडेशनकडे लायब्ररी सोपवण्याबद्दल माझा सल्ला आहे, की तूर्त सोपवू नका. फाउंडेशन ही कायद्याने स्वतंत्र संस्था आहे आणि तिथले अनेक लोक कळकळीने काम करतात, पण ऑक्टोबर २०२१ मध्ये तिने काही सदस्य-प्रकल्पांच्या रिपॉझिटरी मेन्टेनरांना (प्रकल्प सांभाळणाऱ्यांना) पुरेशी कल्पना न देता आपल्या एंटरप्राइझ खात्याखाली हलवल्याचे उघड झाले, त्यावरून मोठा वाद झाला, कार्यकारी संचालकांनी पद सोडले आणि संस्थेला दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्यानंतर नियमांत सुधारणांची चर्चा झाली, हे चांगलेच आहे. तरीही त्या घटनेने दाखवले, की कोडच्या परवान्याइतकेच महत्त्व रिपॉझिटरीवरील प्रशासकाच्या हक्काला, नुगेट या डॉट नेटच्या पॅकेज-भांडारावर पॅकेज प्रसिद्ध करण्याच्या किल्लीला आणि प्रकल्पाच्या नावाला असते. परवाना वाचणारे पुष्कळ भेटतात, पण या तीन गोष्टी कोणाच्या हाती आहेत ते विचारणारे विरळा. आज त्या तुमच्या एकट्याच्या हाती आहेत, आणि हाही एक दोष आहे, कारण तुम्ही आजारी पडलात तर तुमच्या वापरकर्त्यांची अवस्था कंपनीने पाठ फिरवल्यासारखीच होईल. म्हणून कोणत्याही संस्थेकडे जाण्याआधी एक दुसरा विश्वासू मेन्टेनर शोधा. पुढे कंपनीकडून लायब्ररी सामावून घेण्याबद्दल विचारणा आलीच, तर श्रेय कुठे आणि कसे दिले जाईल, निर्णयप्रक्रियेत तुमचे स्थान काय राहील आणि कंपनीने समांतर काम सुरू केले असेल तर ते तुम्हाला केव्हा कळवले जाईल, हे लेखी ठरल्याशिवाय तोंडी चर्चा पुढे नेऊ नका.

टीममध्ये बोलताना ‘मला या कंपनीचा भरवसा नाही’ हे वाक्य बाजूला ठेवा. त्यावर कोणालाच काही करता येत नाही आणि तुमच्यावर जुन्या रागाचा शिक्का बसतो. त्याऐवजी अशी मागणी करा, की आपला प्रकल्प लिनक्सवर, केवळ खुल्या साधनांनी, कोणत्याही बंद घटकाशिवाय बिल्ड होतो आणि त्याच्या चाचण्या चालतात, हे रोजच्या स्वयंचलित बिल्डमध्ये तपासले जावे. रोजच्या कामासाठी कोणी व्हिज्युअल स्टुडिओ वापरो, कोणी रायडर. पण एखाद्याने व्हीएसकोडियम (व्हीएस कोडची खुली आवृत्ती), इक्लिप्स फाउंडेशनची ओपन व्हीएसएक्स ही एक्स्टेन्शनची नोंदणी आणि नेटकोअरडीबीजी एवढ्यावर काम चालते का, हे अधूनमधून करून पाहावे. जिथे अडेल तिथे नेमके कशावर आपण अवलंबून आहोत ते कळेल, आणि ते अवलंबन स्वीकारायचे की टाळायचे हे सर्वांनी मिळून ठरवावे. तरुण मंडळींना असे काम आवडते, कारण त्यात त्यांच्या उत्साहाला नकार नाही. दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना तीन वर्षे आधार मिळतो, तेव्हा त्याच आवृत्त्यांवर राहिलात तर प्रत्येक वेळी पुढे जायचे की नाही याचा विचार सावकाशपणे करता येईल.

आणखी एक विनंती. कंपनीबद्दलचा अविश्वास तिथल्या माणसांवर काढू नका. तुमच्या सहकारी मुलीची पुल रिक्वेस्ट (पाठवलेली दुरुस्ती) तपासणारा अभियंता कदाचित तुमच्यासारखाच वर्षानुवर्षे ओपन सोर्समध्ये वाढलेला असेल, आणि हॉट रीलोडसारख्या प्रसंगी आतून विरोध करणारी माणसे तिथेच असतात. त्यांच्याशी तांत्रिक संवाद मोकळेपणाने ठेवा, प्रश्न रिपॉझिटरीत सर्वांसमोर विचारा, कारण उघड नोंद असलेला संवाद त्यांनाही आतल्या चर्चेत उपयोगी पडतो.

तेव्हा तिला संस्थेची परवानगी मिळवून देऊन तिची दुरुस्ती पाठवू द्या. फाउंडेशनचा विषय पुन्हा निघाल्यास, दुसरा मेन्टेनर रुजल्यावर आणि नुगेटच्या किल्ल्या दोघांकडे आल्यावर यावर बोलू, असे टीमला सांगा. त्या वेळी फाउंडेशनचे तेव्हाचे सदस्यत्व-नियम पुढ्यात घेऊन बसा, रिपॉझिटरीच्या प्रशासनाचे कलम तरुण सहकाऱ्यांकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि त्यांचे मत तुमच्या आधी मांडू द्या.